गुडघ्याखालची ज्वारी

माय, आज रविवार आहे आणि मी शेतातल्या पत्र्याच्या शेडमध्ये पेंडीच्या पोत्यावर बसून हे लिहिते आहे. कागद म्हणजे चौथीच्या पोरांच्या सराव चाचणीचे उरलेले पेपर, मागची बाजू कोरी असते म्हणून पिशवीत पडून होते. तुला वाचता येत नव्हतं, आणि तू जाऊन अकरा वर्षं झाली, तेव्हा हे कुणाच्या हाती पडेल याची काळजी नाही. तुझे जावई मघाशीच मोटरसायकलला धपाट्यांचा डबा अडकवून लातूरला गेले, तुझ्या नातीला भेटायला. ती तिथं होस्टेलवर राहते, बारावीला आहे, रविवारी दहा ते पाच भेटता येतं. निघताना म्हणाले, "तू आजबी येत न्हाईस?" मी म्हणाले, कोंबड्यांना मानमोडीची लस पाजायची आहे, ती पाण्यातून द्यावी लागते, सगळ्या पिल्या का नाही हे बघत थांबावं लागतं. त्यांनी हेल्मेट घातलं आणि गेले. भांडले असते तर बरं झालं असतं. गेले चार रविवार मी काही ना काही कारण काढून इथंच थांबते आहे, आणि आज मला इथं बसवतही नाही आणि उठवतही नाही.

तू असतीस तर आधी मला चांगलं झापलं असतंस, कारण शेत घ्यायचं खूळ माझंच. जावई तहसीलमध्ये कारकून, मी जिल्हा परिषदेच्या शाळेत, अहमदपुरात स्वतःचं घर, एकच मुलगी. आमचं काही अडलं नव्हतं. पण तू गेल्यावर मला राहून राहून एकच वाटायचं. तू जन्मभर दुसऱ्यांच्या गोठ्यातलं शेण काढलंस, दुसऱ्यांच्या गाईंच्या गोचिडी वेचल्यास, आणि आपल्या दारात कधी एक दावं बांधलं गेलं नाही. मालकीणबाईंच्या लाल गाईची मान खाजवत तू एकदा म्हणाली होतीस, "आपली असती तर लई लाड केले असते हिचे." मी तेव्हा आठ-नऊ वर्षांची असेन. ते वाक्य माझ्या डोक्यात ठाण मांडून बसलं. चार वर्षांपूर्वी गावापासून सहा किलोमीटरवर दीड एकर मिळालं, तेव्हा जावई म्हणाले, "हौस म्हणून ठीक हाय, पण झेपंल का आपल्याला?" मी म्हणाले, न झेपायला काय झालं? सुट्टीच्या दिवशी यायचं, चार झाडं लावायची, दोन शेळ्या, थोड्या कोंबड्या, एक गाय. किती काम असणार? शेण काढणाऱ्या बाईच्या पोरीनं असं म्हणावं, म्हणजे बघ माझी अक्कल.

जनावराला सुट्टी कळत नाही हे पहिल्या आठवड्यातच कळलं. उजाडायच्या आत उठायचं, स्कुटी काढायची, इथं येऊन गोठा झाडायचा, शेळ्यांची धार, कोंबड्या मोकळ्या करायच्या, वांग्यांना पाणी, अंबाडी नाहीतर मेथी खुडून पिशवीत, आठच्या आत घरी, अंघोळ, तिघांचे डबे, शाळा. शाळा सुटली की परत इथं. घरी वरणाला फोडणी द्यायची राहून जायची, दुधाचं पातेलं तर किती वेळा जळलं. शाळेत फळ्याकडे हात वर केला की मला माझ्याच बाहीला शेणाचा वास यायचा आणि मी पटकन हात खाली घ्यायची. जावई म्हणायचे, "ह्या घरात माझा नंबर शेळ्यांच्या मागं लागतो. कोंबड्यांच्या आधी लागला तरी मी खूश हाय." लेकीच्या सोळाव्या वाढदिवसाला संध्याकाळी सहाला केक कापायचं ठरलं होतं आणि नेमकी पाचला शेळी व्यायला लागली, पिल्लू आडवं आलेलं. मी फोनसुद्धा केला नाही. सातला बघते तर बापलेक केकचं खोकं घेऊन इथं शेडच्या दारात उभे. ती रागावली होती, पण ओलं पिल्लू बघून तिचा राग कुठल्या कुठं पळाला. तिनं पोत्यावरच केक कापला. त्या दिवशी मला वाटलं, जमतंय की, असंच ओढत ओढत का होईना पण जमतंय.

आणि गाय. कंधारकडच्या एका खेड्यातून आम्ही लाल कंधारी कालवड आणली, वर्षा-दीड वर्षाची. अंग अगदी गडद लाल, डोळ्यांभोवती काजळ घातल्यासारखं. लेकीनं तिला एक नाव ठेवलं होतं, ते मला इथं लिहिवत नाही. पोरगी घमेलं पालथं घालून तिच्यासमोर बसायची आणि जीवशास्त्राचं पुस्तक मोठ्यानं वाचायची. "मम्मी, हिला चार कप्प्यांचं पोट असतं आणि आपल्याला एकच, तरी आपणच जास्त खातो," असलं काहीतरी बोलायची आणि एकटीच हसायची. गाय तिच्या ओढणीचं टोक चघळत उभी राहायची. पहिल्या येळवशीला, वेळा अमावस्येला सगळं गाव आपापल्या रानात जेवतं तसं, आम्हीही इथं आपल्या रानात बसून जेवलो. भज्जी, उंडे, आंबील, सगळं मी केलं होतं. तुला आठवतं, येळवशीला तू मालकाच्या रानाच्या बांधावर उभी असायचीस, आणि सगळ्यांचं जेवण आटोपल्यावर तुझ्या पातेल्यात वरून आंबील ओतायचे. मी तुझ्या वाट्याचं आंबील मडक्यात काढून ठेवलं होतं. लेक म्हणाली, "आजीला आवडायचं का गं?" मी हो म्हणाले, आणि मग रडायलाच लागले. कडब्याच्या कोपीत बसून, आपल्या जमिनीवर, मी हमसून हमसून रडले आणि ती दोघं घाबरून बघत राहिली.

माझ्या हातांचं तुला फार होतं. एकदा शाळा सुटल्यावर मी मालकीणबाईंच्या गोठ्यात आले, तू कमरेला हात लावून उभी होतीस म्हणून मी तुझी शेणाची पाटी उचलली. तू पाटी हिसकावून खाली आपटलीस. माझ्या दोन्ही हातांवर फटके दिलेस, मग मला हौदावर नेऊन राखेनं हात इतके घासलेस की कातडी लाल झाली. "हे हात वहीला लावायचे हायत. शेणाला माझे हात काय कमी हायत का?" असं म्हणत होतीस आणि रडत होतीस. मी फटक्यांनी रडत नव्हते, तू का रडते आहेस हे कळेना म्हणून रडत होते. पुढं मला नांदेडला डी.एड.ला प्रवेश मिळाला, तेव्हा एसटी स्टँडवर तू पदराच्या गाठीतून एक छोटी डबी काढून माझ्या हातात दिलीस. हाताला लावायची क्रीम. दुकानदाराला काय सांगून आणलीस कोण जाणे. तुझ्या हातांना तेव्हा अशा भेगा होत्या की त्यांत माती कायमची बसली होती. मी ती क्रीम दोन वर्षं पुरवून पुरवून वापरली. डबी अजून आहे, तिच्यात मी आता शिवणाच्या सुया ठेवते. आता माझे हात बघितलेस तर तुला तुझेच वाटतील.

जनावरांचं मला जे काही येतं ते सगळं तुझ्याकडून आलेलं. गाईचं नाक कोरडं पडलं की ताप, कान थंड लागले की पोट बिघडलेलं, हे मी पुस्तकात वाचलेलं नाही. आणि एक गोष्ट तू मला इतक्या वेळा सांगितलीस की झोपेतून उठवून विचारलं तरी मी सांगितली असती. "ज्वारी गुडघ्याच्या वर जाऊस्तोवर गाईला दाखवायची बी न्हाई. कापल्यावर बुडख्याला फुटवे येतेत, ते तर जहर असतेत. हिरवे दिसतेत, गाय हावरटावानी खाती, अन् घडीभरात आडवी हुती." आपल्याकडच्या शेतकऱ्याच्या पोराला हे माहीत असतंच. मी तर ते डोळ्यांदेखत घडलेलं बघितलं होतं.

मी अकरा वर्षांची होते. शनिवार होता, शाळा सकाळची, म्हणून दुपारी मी तुझ्याबरोबर गोठ्यात होते. मालकीणबाईंनी रानातून फुटव्यांचा भारा आणवला होता. तू म्हणालीस, "बाई, कोवळी हाय, घालू नका. किरळ लागंल गाईला." त्या म्हणाल्या, "मला नको शिकवू. टाक म्हणलं की टाक." तू टाकलंस. तुझा हात कसा हळू चालला होता ते मला अजून दिसतं. तासाभरात ती लाल गाय पाय झाडत पडली, तोंडाला फेस, डोळे पांढरे. मालक आले, गाव जमा झालं, आणि मालकीणबाई सगळ्यांसमोर तुझ्याकडे बोट दाखवून म्हणाल्या, "हिनं काय घातलं कुणाला ठाव. म्या घरात हुते." मी बोलायला तोंड उघडलं तशी तू माझं मनगट इतकं दाबलंस की दोन दिवस वळ राहिला. तुझं काम त्याच दिवशी गेलं. वस्तीकडे येताना मी विचारलं, "तू सांगितलं कामून न्हाईस?"  तू चालता चालताच म्हणालीस, "आपलं कोण ऐकून घेणार हाय, माय?" विहारापाशी आल्यावर तू खाली बसलीस आणि पदर तोंडात कोंबलास. मला तेव्हा वाटलं होतं की तू कामासाठी रडते आहेस. तू गाईसाठीही रडत होतीस, हे मला आता कळलं.

मालकीणबाई त्यानंतर बरीच वर्षं होत्या. तू त्यांच्या घरावरून जाताना चाल हळू करायचीस, मी बघितलंय. बाजारात समोर आल्या तर तू थांबायचीस आणि त्या दुसऱ्या दुकानात शिरायच्या. शेवटच्या आजारपणात तू लातूरच्या दवाखान्यात होतीस, मी मोसंबी सोलत होते, आणि तू मधेच म्हणालीस, "तिनं एकदा म्हणायला पायजे हुतं." मी विचारलं, कुणी, काय? तू म्हणालीस, "लोकांफुडं न्हाई. मला एकटीला गाठून म्हणली असती तरी झालं असतं. एवढंच की बाई, माझं चुकलं. मी लगेच जाऊ दे म्हणली असती." पंचवीस-तीस वर्षं तू त्या एका वाक्याची वाट बघत होतीस. ऐकून मला मालकीणबाईंचा असा संताप आला की हातातली साल मी चुरगाळून टाकली. कसली माणसं ही, असं म्हणाले होते मी. माय, आता पुढचं ऐक.

यंदा दसरा होऊन आठवडा झाला होता. गोठ्याला लागून चार गुंठे ज्वारी होती, ती गणपतीनंतर कापली होती, आणि बुडख्यांना फुटवे आले होते. पावसानं ओढ दिलेली, फुटवे वीत-दीड वीत वाढून तसेच थांबलेले. गाय सात महिन्यांची गाभण, पहिलंच वेत. त्या दिवशी जावई प्रशिक्षणासाठी नांदेडला गेलेले, आणि मला चौदा किलोमीटरवरच्या गावात शिक्षण परिषदेला साडेदहाला पोचायचं होतं. नऊ वाजून गेले होते. हत्तीगवत रानाच्या पार दुसऱ्या टोकाला, आदल्या दिवशी पाणी सोडलेलं, म्हणजे घोट्याएवढा चिखल. माझ्या अंगावर शाळेची साडी. आणि गोठ्याच्या दारात हे हिरवेगार फुटवे. मी विळा घेतला आणि दोन पेंढ्या कापल्या. नाही, मला आठवलं नाही असं नाही. आठवलं. कापताना तुझा आवाज कानात होता. मी मनाशी म्हणाले, संध्याकाळपर्यंत सुकू द्यावं, सुकल्यावर जहर कमी होतं, आल्यावर कडब्यात थोडं थोडं मिसळून घालू. पेंढ्या गव्हाणीजवळ सावलीत ठेवल्या, आणि स्कुटीला किक मारली.

परिषद लांबली. एक वाजता साहेबांचं भाषण चालू होतं आणि मांडीवरचा फोन थरथरला. लेक होती. तिची परीक्षा दोन दिवसांवर, पण सकाळपासून अभ्यास करून कंटाळली म्हणून सायकलवर शेतात आलेली. म्हणाली, "मम्मी, गव्हाण रिकामी आहे, ती हंबरून राहिली. इथं हिरवा चारा ठेवलाय तो टाकू का?" मी बाकाखाली वाकून, तोंडावर रुमाल धरून म्हणाले, "टाक. सगळा टाक. आता फोन करू नको." साहेब माझ्याकडे बघत होते. मी फोन ठेवला. त्या क्षणी माझ्या डोक्यात काय होतं म्हणशील तर काहीच नव्हतं. साहेबांनी बघितलं, एवढंच होतं. नंतर तिचे आणखी तीन फोन आले आणि तिन्ही मी कापले. चौथा शेजारच्या रानातल्या काकांचा आला, तेव्हा मी बाहेर जाऊन उचलला. "बाई, लगोलग या. गाय पडली."

मी आले तेव्हा गाईचं पोट फुगून आलं होतं आणि मान पोरीच्या मांडीवर होती. काका तिच्या तोंडात गुळाचं पाणी ओतत होते, ते सगळं बाहेर येत होतं. पोरीच्या ओढणीला फेस लागलेला. ती गाईचं नाव घेऊन ओरडत होती, "ऊठ ना, ऊठ ना." मी स्कुटी तशीच टाकली आणि धावत येऊन पहिलं काय केलं असेल? पोरीवर ओरडले. "काय घातलंस तू तिला? किती घातलंस?" तिनं वर बघितलं. मग डॉक्टर आले, पिशवीतून सुई काढेपर्यंत गाईनं एकदा सगळं अंग ताणलं आणि संपलं. पोटातलं वासरू थोडा वेळ हलत होतं. पोरीचा हात तिथंच होता, तिला ते कळलं. डॉक्टरांनी गव्हाणीतला एक फुटवा उचलून बघितला आणि म्हणाले, "हे ज्वारीचे फुटवे कुणी घातले? अन् एवढे सगळे? थोडे खाल्ले असते तर वाचली असती." पोरगी म्हणाली, "मी टाकले." काका माझ्याकडे बघत होते. डॉक्टर माझ्याकडे बघत होते. आणि मी म्हणाले, "मी थोडंच टाक म्हणाले होते."

हे माझ्या तोंडून गेलं, माय. कुणी विचारलंही नव्हतं. गोठ्यात राबलेल्या बाईची पोर, शिकलेली, दुसऱ्यांच्या पोरांना शिकवणारी, आणि तिला एवढंही कळू नये, असं त्या दोघांना वाटेल, त्या लाजेनं मी बोलले.  पोरीनं स्वतःच्या कानांवर विश्वास ठेवला नाही, माझ्यावर ठेवला. ती उठून हौदावर गेली आणि हात धुवायला लागली. किती वेळ धूत होती. मी लांबून बघत होते. जवळ जाऊन तिचे हात धरायला मला सहा पावलं टाकायची होती, ती मी टाकली नाहीत.

त्यानंतर ती शेतात आली नाही. चहा सोडला, दूध सोडलं. दिवाळी झाली आणि म्हणाली, मला लातूरला होस्टेलवर राहायचंय, इथं अभ्यास होत नाही. जावयांना वाटलं, इतकी पोरं जातात, हीही जाऊ दे. पहिल्या रविवारी मी गेले होते. ती मला तिचं टाइमटेबल दाखवत होती, आणि मधेच माझ्या हाताकडे बघून म्हणाली, "मम्मी, शेतात एकटीला लई काम पडत असेल ना तुला? माझ्यामुळं." खरं सांगायचं म्हणून गेले होते, ते न सांगताच मी निघाले.  त्यानंतर मी गेलेच नाही.

मागच्या रविवारी जावई परत आले ते पायरीवरच बसले. म्हणाले, "ती नीटचा फॉर्म भरणार न्हाई म्हणती." मी विचारलं, का? सातवीपासून डॉक्टर व्हायचं म्हणणारी पोरगी. ते म्हणाले, "म्हणती, पप्पा, माझ्या हातानं दोन जीव गेले. मी कुणाच्या अंगाला हात कसा लावू?" आणि मग हा माणूस, जो कधी माझ्यावर आवाज चढवत नाही, डोळे पुसत म्हणाला, "तू एकदा बोल तिच्याशी. तुझं ऐकंल ती. पायजे तर शेत विकून टाकू. शेळ्या देऊन टाकू. तुझी ही ओढाताण बघवत न्हाई, अन् घरबी राहिना झालं." त्यांना वाटतं, सगळा घोळ वेळेचा आहे. शाळेतल्या बायकांनाही तसंच वाटतं. नोकरी, घर, शेत, जनावरं, कसं गं जमवतेस, असं विचारतात, आणि मी मान हलवून म्हणते, जमत नाही हो, तारांबळ उडते. सगळे हळहळतात. ते ऐकायला मला बरं वाटतं, इतकी मी खालच्या थराला गेले आहे. शेतानं माझा वेळ खाल्ला हे खोटं नाही, पण आता मी शेतात कामाला येत नाही. मी इथं लपायला येते. वांगी किडली आहेत, टोमॅटो झाडावरच सडले, रिकामी गव्हाण मी अजून धुतलेली नाही. शेळ्यासुद्धा मला बघून ओरडेनाशा झाल्या आहेत.

तुझ्या नातीच्या हातावर तो डाग मी लावला आहे. तुला निदान माहीत होतं की तुझं चुकलं नाही. तिला तेही माहीत नाही. तिला वाटतं, तिच्या आईनं नीट सांगितलं होतं आणि तिनं ऐकलं नाही. एका वाक्याचं काम आहे, माय. तू मोसंबी खाता खाता सांगितलेलं तेच वाक्य. मी ते या शेडमध्ये मोठ्यानं म्हणून बघितलं, कोंबड्यांसमोर म्हणाले, तेव्हा नीट आलं. पण तिचा चेहरा डोळ्यांपुढं आला की मालकीणबाई बाजारातून दुसऱ्या दुकानात का शिरायच्या ते मला कळतं, आणि ते कळणं मला सहन होत नाही. त्यांचा मी इतकी वर्षं द्वेष केला. तू त्यांच्यासाठी थांबायचीस. माझी पोरगीही थांबली असेल का? दर रविवारी दारात बापाच्या मागं बघत असेल का? मी तुला हे सगळं लिहीत बसले, कारण तू काही विचारणार नाहीस. तिला सांगायचं ते तुला सांगून मोकळं व्हायला बघते आहे, हे मला लिहिताना मधेच कळलं होतं, तरी मी थांबले नाही.

परवा येळवस आहे. मी आंबिलासाठी ताक करून ठेवलं आहे, कुणासाठी ते माहीत नाही. हे कागद मी घडी करून पेंडीच्या पोत्याखाली ठेवीन, तिथं कुणी बघत नाही. आता एक वाजला आहे. भेटायची वेळ पाचपर्यंत असते, आणि अहमदपूरहून लातूरला एसटी दर अर्ध्या तासाला सुटते. कोंबड्यांना लस मी सकाळी सहालाच पाजली, माय.